हळदीचा पंजा

जावामधल्या सोलो शहरातल्या एका गल्लीत पाक दार्सोनोंनी, म्हणजे दार्सोनोकाकांनी, बोक्याविरुद्ध अर्ज लिहिला त्याला आठवडा झाला होता. गल्लीतल्या बारा घरांपैकी अकरा घरांच्या सह्या त्यावर पडल्या होत्या, आणि आज रविवारी दुपारी चार वाजता गल्लीप्रमुखांच्या ओट्यावर बैठक होऊन त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. नेमका आजच, दुपारी एकच्या सुमाराला, तोच बोका पुढचा डावा पाय अधांतरी धरून, तीन पायांवर लंगडत पाक दार्सोनोंच्या स्वयंपाकघरात आला आणि त्यांच्यासमोर बसून राहिला.

"इथे कशाला आलास?" पाक दार्सोनो म्हणाले. "गल्लीत आणखी अकरा घरं आहेत ना!"

बोक्याने पाय जरासा पुढे केला. पंजाच्या वर करंगळीच्या नखाएवढी चीर पडली होती. पाक दार्सोनोंनी चष्मा लावून ती पाहिली. ती चीर कशाने पडली हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर पाक दार्सोनोंनी एक होला पाळला. सोलोतल्या कुठल्याही सभ्य निवृत्त माणसाप्रमाणे ते रोज सकाळी त्याचा पिंजरा कप्पीने उंच बांबूवर चढवत आणि खाली वेताच्या खुर्चीत बसून त्याच्या घुमण्याची वाट बघत. होला तीन वर्षांत चार-पाच वेळाच घुमला असेल. पाक दार्सोनोंच्या मते त्याला कारण एकच, बांबूच्या बुडाशी बसून एकटक वर बघणारा हा पांढरा, काळ्या शेपटीचा बोका. तीन वर्षं ते "ए चोरट्या!" असं ओरडून त्याला चप्पल दाखवत होते. शेवटी त्यांनी अर्ज लिहिला, की ह्या बोक्याला पोत्यात घालून मोठ्या बाजारात, मासळीच्या ओळीत सोडून यावं. तिथे मांजराला खायला मिळतं आणि सोडून येणाऱ्याला टोचणी लागत नाही, अशी गल्लीची समजूत होती. पण पाक दार्सोनोंना तेवढाही धीर निघाला नाही. काल संध्याकाळी, कुणालाही न सांगता, त्यांनी बांबूला काटेरी तार गुंडाळली.

आता ती तार लागली होती, आणि निकालाच्या आधीच शिक्षा देऊन मोकळे झालेले पाक दार्सोनो तोंड कुठे लपवावं ह्या विचारात पडले होते. पण खरं सांगायचं तर तोंडाचा प्रश्न नंतरचा. बोका जखम चाटत होता, मधूनच थांबून त्यांच्याकडे बघत होता, आणि ते त्यांना बघवेना.

घरात ते एकटेच होते. त्यांच्या पत्नी बू लास्मिनी, म्हणजे लास्मिनीबाई, पलीकडच्या गल्लीत लग्नघरी स्वयंपाकाला हातभार लावायला गेल्या होत्या. पाक दार्सोनोंनी पाणी उकळलं, चिमूटभर मीठ टाकलं, ते कोमट होईपर्यंत फुंकर घातली, आणि कपाटातून आयोडीनची बाटली काढली. मग आपली तपकिरी बातिक लुंगी, निळ्या फुलपाखरांची, जी नेसून ते रोज सकाळी अख्ख्या गल्लीला दर्शन देत, तीच बोक्यावर टाकली आणि त्याला मानेपर्यंत गुंडाळून मांडीवर घेतलं.

"हे बघ, माझा तुझ्यावर राग आहे. तो काही गेलेला नाही, कळलं?"

बोक्याने त्यांच्या मनगटावर तीन लांब रेघा ओढल्या.

"अरे हलू नको! चोरट्या, हलू नको म्हटलं ना! झालं, झालं, एवढंच. कोण शूर आहे? आँ? कोण शूर आहे?"

आपण हे काय बोलतोय, हे ध्यानात येऊन पाक दार्सोनोंनी खिडकीबाहेर पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी जखम धुतली, हलक्या हाताने टिपली, औषध लावलं. बांधायला काही सापडेना म्हणून लुंगीचीच एक कड टराटरा फाडली आणि नीट पट्टी बांधली. बोका हाताला अगदी हलका लागत होता. ह्याला मासळीबाजारात टाकला तर तिथले दांडगे बोके ह्याचं काय करतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि त्यांची पकड सैल झाली.

तेवढं बोक्याला पुरलं. त्याने मांडीवरून फळीवर उडी घेतली, फळी वाकली, आणि तो थेट खालच्या टोपात पडला. बू लास्मिनी जामू, म्हणजे औषधी काढा, विकायच्या. उद्याच्या हळद-चिंचेच्या जामूसाठी पहाटे उठून वाटलेली ओली हळद त्या टोपात होती. बोका पोटापर्यंत त्यात बुडाला, तसाच उसळून बाहेर आला, ओट्यावरून, पांढऱ्या टेबलक्लॉथवरून, खिडकीतून भिंतीवर, आणि दिसेनासा झाला. मागे राहिले पाक दार्सोनो आणि पिवळेधमक पंजे.

त्यांनी आधी ओटा पुसला. मग टेबल. मग लक्षात आलं, की पंजे भिंतीवरून उतरून गल्लीत गेलेत. म्हणजे बोक्याला कुणीही पट्टीसकट पाहिलं, की पंजे उलटे मोजत माणूस थेट आपल्या दारात! मग पट्टी का, जखम कसली, बांबूला काय गुंडाळलंय? पाक दार्सोनोंनी बादली उचलली आणि भर उन्हात गल्लीत गुडघ्यांवर बसून फरशा घासायला सुरुवात केली.

चार फरशा झाल्या नाहीत तोच समोरच्या खाणावळीतून बू पार्ती धावत आल्या.

"अगं बाई, पाक! तुम्ही गल्ली धुताय?"

"नाही म्हणजे... जरा धूळ होती."

"ह्या वयात? एकटे? आणि आम्ही आत पंख्याखाली लोळतोय!" बू पार्तींनी लाजून कपाळावर हात मारला आणि खराटा आणायला पळाल्या.

वडीलधारा माणूस गल्ली धुतोय आणि आपण बसून राहायचं, हे त्या गल्लीत कुणालाच जमणारं नव्हतं. दहा मिनिटांत हाजी मुख्लास बाह्या सरसावून आले. त्यांच्यामागून सगळे आले, खराटे, बादल्या, एक पाण्याचा पाइपसुद्धा आला. गल्लीप्रमुख पाक हार्दिमान हजेरीची वही घेऊन बाहेर पडले, कारण सामुदायिक काम आहे आणि नोंद नाही हे त्यांना चालत नसे. "सूचना न काढता श्रमदान!" ते जरा नाराजीनेच म्हणाले. "पण उपक्रम स्तुत्य."

पाक दार्सोनो घासत घासत वाकून बघत होते, आणि त्यांना एक गंमत दिसायला लागली. गल्ली कुणीच धूत नव्हतं. जो तो स्वतःच्या उंबऱ्यासमोरच खराटा चालवत होता, आणि तोही घाईघाईने, इकडेतिकडे चोरून बघत. बू पार्ती आपल्या दाराची पायरी पदराने पुसत होत्या. हाजीसाहेब वाळत घातलेला पांढरा सदरा पाठीमागे लपवून उभे होते. सदऱ्याच्या पाठीवर हळदीचा पंजा होता.

"पाक हाजी, सदऱ्याला काय लागलं?"

"कढी," हाजीसाहेब म्हणाले.

"सगळे जमलेच आहेत तर बैठक आत्ताच उरकू," पाक हार्दिमान म्हणाले. त्यांनी आपल्या ओट्यावरच्या टेबलावरचा अर्ज उचलला, वाचायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. अकरा सह्यांच्या खाली, बारावी जागा रिकामी होती तिथे, सुबक, पिवळा, चार बोटांचा पंजा उमटला होता.

हीच संधी साधून बू एंडांग पुढे झाल्या. सही न करणारं बारावं घर त्यांचं. त्या मूळच्या सुराबाया शहरातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि स्पष्ट बोलण्याबद्दल गल्लीत त्यांचा दरारा होता. आठवडाभर त्या प्राणिदयेवर भाषणं देत होत्या.

"चोर सापडले!" त्या गरजल्या. "पार्ती, तुझ्या पायरीखाली माशांच्या डोक्यांची बशी कुणासाठी आहे? पाक हाजी, तुमच्या उशीवर पंजे आहेत, मी खिडकीतून पाहिलंय. आणि गल्लीप्रमुख, तुमच्या सरकारी टेबलाखाली ती गादी कुणाची? सगळ्यांनी सह्या केल्या आणि सगळ्यांच्याच घरी त्याचं ताट!"

हाजीसाहेबांनी सदऱ्याची घडी करून काखेत मारली. शेवटी बू पार्ती रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "मी काय करू? पाक दार्सोनो स्वतः कागद घेऊन दारात आले. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सही केली आणि आत जाऊन आमच्या देन बागुसला माफी मागून मासा दिला."

"देन बागुस कोण?" हाजीसाहेब म्हणाले. "तो सालेह आहे. पहाटेच्या नमाजाला माझ्यासोबत येतो."

"माझ्याकडे त्याला साहेब म्हणतात," पाक हार्दिमान वहीत बघत म्हणाले.

अकरा घरांतून दहा नावं निघाली. मग सगळ्यांच्या नजरा पाक दार्सोनोंकडे वळल्या. "मी काही नाव ठेवलेलं नाही," ते पुटपुटले.

तेवढ्यात खुद्द बोका भिंतीवर उगवला, पोटापर्यंत पिवळा, पायाला पट्टी. एकच गलका झाला.

"लागलंय त्याला! कुणी मारलं? कोण तो राक्षस?"

"पट्टी बघा, पिवळ्याखाली निळी फुलपाखरं!" बू पार्ती ओरडल्या. "ही तर पाक दार्सोनोंची लुंगी! आणि हातावर बघा, किती ओरबाडलंय!"

हाजीसाहेबांनी येऊन पाक दार्सोनोंना मिठीच मारली. "ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याचीच शुश्रूषा! पाक, आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही." बू पार्तींनी डोळे टिपले. पाक हार्दिमानांनी वहीत 'आदर्श' असा शब्द लिहिला.

पाक दार्सोनोंनी नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते तर बोकाही वाचला असता आणि अब्रूही. पण बोका भिंतीवरून तीन पायांवर त्यांच्याचकडे येत होता.

"राक्षस मीच आहे," ते म्हणाले. "काल मी बांबूला काटेरी तार लावली. ती लागली त्याला. मला लाज वाटते."

पाक हार्दिमानांनी वही उघडून 'आदर्श'पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात लग्नघरून परतलेल्या बू लास्मिनी गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी भिंतीवरचा पिवळा डाग बोटाने उचलून वास घेतला.

"ही माझी हळद आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्याचं जामू गेलं म्हणजे. पाक, घरी चला. आधी तार काढा, मग पाटा-वरवंटा धुऊन हळद वाटायला बसा. मी फक्त बघणार."

शिक्षा ठरली तसा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. राहता राहिला अर्ज. तो फाडून टाका, असं सगळेच म्हणाले. पण पाक हार्दिमानांचं मन होईना. अकरा घरांच्या सह्या एका कागदावर म्हणजे आयुष्यात एकदा घडणारी गोष्ट. त्यांनी कात्री मागवली, अर्जाचा वरचा अर्धा भाग कापला, आणि तिथे नवा कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर बोक्याची काळजी घेण्याची जबाबदारी आम्ही खालील सह्या करणारे घेत आहोत. पट्टी बदलणे: आठवडाभर, पाक दार्सोनो.'

"आता मी सही करते!" बू एंडांग पेन काढून पुढे झाल्या.

"जागा नाही, बू," पाक हार्दिमान म्हणाले. "बारावी सही झालेली आहे."

"पण सगळ्यांत आधी त्याची बाजू मी घेतली!"

"खरंय. पण तुमच्या दारात एकही पंजा नाही."

बू एंडांगनी आपल्या स्वच्छ उंबऱ्याकडे पाहिलं. "एकदाच आंघोळ घातली होती मी त्याला," त्या म्हणाल्या. "शांपूने."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक दार्सोनो, बोटं नखांपर्यंत पिवळी, कोमट मीठपाणी आणि कापूस घेऊन वेताच्या खुर्चीत बसले. बांबूवर तार नव्हती. बुडाशी बोका नसतानाही होला वर गप्पच बसला होता, म्हणजे दोष बोक्याचा नव्हता, होलाच अबोल होता. आठ वाजले, साडेआठ झाले, बोका येईना. पाणी थंड व्हायला लागलं.

ते गल्लीत आले. "देन बागुस!" त्यांनी हलकेच हाक मारली. मग "सालेह!" मग आजूबाजूला बघून "साहेब!" कुठे काही हललं नाही. ही सगळी नावं दुसऱ्यांच्या घरांची. आपण तीन वर्षांत ह्याला एक धड नाव दिलं नाही, असं वाटून त्यांना फार वाईट वाटलं. जखम चिघळली तर? चिडून, घाबरून, सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ए चोरट्या!"

हाजीसाहेबांच्या कौलांवरून, शेपूट ताठ उभी करून, बोका तीन पायांवर धावत आला. खुर्चीपाशी बसला, आणि त्याने पाय पुढे केला.