सगुण मेस्त्री आणि हरवलेलं पाणी

सगुण मेस्त्री गाडीचं बॉनेट उघडण्याआधी गाडीच्या मालकाची जबानी घेत. फणसाच्या झाडाखाली एक लोखंडी खुर्ची असे. तिच्यावर मालकाला बसवायचं आणि विचारायचं, काल गाडी कुठे नेली होती, सोबत कोण होतं, चढणीवर आवाज बदलला का, वास आला तो जळल्याचा की शिजल्याचा. गाडी बिचारी समोर उभी. कुणी घाई केली तर मेस्त्रींचं एकच उत्तर, "सवकास!" हा शब्द ते इतका लांबवत की तो संपेपर्यंत समोरच्याची निम्मी घाई उतरलेली असे.

पाळीला खाणीवर तीस वर्षं डंपर दुरुस्त करून ते पेडण्यात येऊन राहिले होते. काडीसारखा माणूस, खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. काम संपल्यावर सगळेच मेकॅनिक हात धुतात. सगुण मेस्त्री काम सुरू करण्याआधी धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. इंजिनाला घाण लागते म्हणायचे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराची ही गोष्ट. मराठी की कोंकणी यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे झाले होते. दोन्ही पक्षांच्या सभांना जाणाऱ्या जीपगाड्या मात्र मेस्त्रींच्याच फणसाखाली येत. एकदा कुणीतरी खोचून विचारलं, "मेस्त्री, तुमी खंयच्या बाजूचे?"

"जी तापल्या, तिच्या बाजूचो," मेस्त्री म्हणाले आणि जीपखाली शिरले.

आमची गाडी तेव्हा रोजच तापत होती. ती मूळची माझ्या सासऱ्यांची, पोर्तुगीज अमदानीत बोटीनं आलेली. रंग करडा, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. शाळामास्तराच्या दारात ती शोभत नसे, पण सुलभाला, माझ्या बायकोला, तिचा फार जीव. त्या उन्हाळ्यात त्या गाडीला तहान लागली. पेडण्याहून म्हापशाला पोचेपर्यंत रेडिएटर दोन बाटल्या पाणी पिऊन मोकळा. आणि गंमत म्हणजे गाडीखाली थेंब नाही. एका मेकॅनिकनं रबरी नळ्या बदलल्या. दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून धुतला. तिसऱ्यानं मूठभर हळद आत टाकली आणि म्हणाला, भोक असेल तर बुजेल. ते बुजलं नाही.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण सुलभाचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला आमचं मूल गेलं होतं, म्हापशाला वेळेवर पोचलो नाही म्हणून. तेव्हा ही गाडी आमच्याकडे आलेली नव्हती आणि वाटेत बस बंद पडली होती. या वेळी मी काही झालं तरी स्वतःच्या गाडीनं नेणार होतो आणि गाडीचा हा असा भरवसा.

मेस्त्रींनी थंड रेडिएटरचं झाकण काढून वास घेतला. "हळद कोणें घाली?"

मी नाव सांगितलं नाही.

"हळद न्हवऱ्याक लायतात. हिका कित्याक?" ते खरंच रागावले होते. मग मला खुर्चीवर बसवून जबानी सुरू झाली. अर्धा तास झाला तरी माझ्याकडून काही निघेना. शेवटी त्यांनी विचारलं, "गाडयेंत आनीक कोण बसता?"

"बायको."

"तिका हाड."

आजवर तीन मेकॅनिक झाले, पण बायकोला आण म्हणणारा हा पहिलाच. मी सुलभाला घेऊन आलो. मेस्त्रींनी खुर्ची स्वतः पुसली, तिला सावलीत बसवलं आणि खाली उकिडवे बसून विचारलं, "बाय, गाडयेंत बसल्यार तुका कितें दिसता? सगळें सांग. ल्हानसान आसलें तरी."

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "समोरची काच आतून धुरकट होते. मी पदरानं पुसते. आणि पायाखालची चटई ओली असते. हे म्हणतात, तुझ्याच चपलांचं पाणी."

"चपलांचें!" मेस्त्री माझ्याकडे वळले. "मास्तर, मे म्हयन्यांत?"

मी फणस मोजू लागलो.

त्यांनी पुढचं दार उघडलं आणि आडवे होऊन आत शिरले. बाहेर फक्त दोन पाय राहिले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली, आणि मग हसू. ते पायांपासून हसत होते.

"मास्तर, हिच्या पोटांत हीटर आसा!"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी दाखवलं. थंड मुलखातल्या माणसांसाठी बनवलेली गाडी ती. पाय गरम राहावेत म्हणून इंजिनातलं कढत पाणी दोन नळ्यांतून आत येऊन एका लहानशा रेडिएटरमधून फिरत होतं. पेडण्याच्या उन्हाळ्यात, इतकी वर्षं, कुणाला पत्ता नसताना. तो लहान रेडिएटर आता कुजला होता. इंजिन तापलं की त्यातून पाणी झिरपायचं, ते चटईखालचं जाड अस्तर पिऊन टाकायचं आणि वाफ काचेवर बसायची. मेस्त्रींनी अस्तर पिळलं. करवंटीभर तांबडं पाणी निघालं, हळदीच्या वासाचं.

"ही तुमची बाटली," ते मला म्हणाले. आणि सुलभाला म्हणाले, "बाय, तुवें सोदून काडलें. हांवें फकत वांकून नदर मारली."

दुरुस्ती तशी सोपी होती. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवून त्यांनी इंजिनाच्या बाजूलाच एका वाकड्या तांब्याच्या नळीनं एकमेकींना जोडल्या. पाणी आता बाहेरच्या बाहेर वळणार होतं. पण एवढ्यावर थांबतील तर ते सगुण मेस्त्री कसले! चटईच्या जागी त्यांनी कोरडा पेपर अंथरला आणि मला तीन दिवस गाडी फिरवायला लावली. रोज संध्याकाळी पेपर गालाला लावून बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "सुको."

"म्हापशापर्यंत नक्की ना, मेस्त्री? सोमवारी सकाळी डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलंय."

त्यांचा चेहराच पडला. "मास्तर, काम माझें आसा," एवढंच म्हणून ते घरात निघून गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

सोमवारी आम्ही निघालो. सुलभाला कळा घरीच सुरू झाल्या होत्या. माझा एक डोळा रस्त्यावर, एक उष्णतेच्या काट्यावर. काटा हलत नव्हता. कोलवाळचा पूल ओलांडून चढणीला लागलो, तर पुढे रस्त्याच्या कडेला, रणरणत्या उन्हात, खाकी अर्धी चड्डी घातलेला एक माणूस उभा. दोन्ही हातांत पाण्याचे डबे.

मी ब्रेक लावायला गेलो तसे मेस्त्री डब्यांसकट हात हलवून ओरडले, "रावूं नाका! चला, चला!"

त्यांची नजर आमच्याकडे नव्हतीच, बॉनेटकडे होती. आरशात पाहिलं तर डबे खाली ठेवून ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. पहाटेच्या पहिल्या बसनं आले असणार.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, "मेस्त्री, कामाची एवढी खात्री होती, मग उन्हात कशाला उभे राहिलात?"

पेढा त्यांच्या हातातच राहिला. "माझी शांता जल्मली तेन्ना हांव पाळये खणीचेर आसलों. डंपर उगडून पडिल्लो. चार दिसांनी घरा पावलों." मग पेढ्याकडे बघत, "बायलेन कांयच म्हळें ना. मरे पर्यंत एकदांय म्हळें ना."

शांता लग्न होऊन मुंबईला होती, वर्षातून एकदा यायची. मेस्त्रींची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. हे मला ठाऊक होतं, पण त्या घरात ते एकटेच असतात हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पाचव्या दिवशी सुलभाला घरी आणायचं होतं. मी मेस्त्रींना बरोबर नेलं. परतताना सुलभानं न विचारताच मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. मागच्या सीटवर ते कोपरे अंगाशी धरून, श्वाससुद्धा जपून घेत बसले. चढणीवर गाडीचा आवाज जरा बदलल्यासारखा वाटला.

"मेस्त्री, इंजिनाचा आवाज ऐकलात का?"

"आयकलो," मुलीच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत मेस्त्री कुजबुजले. "बंद करूंक जाता जाल्यार करात. न्हिदल्या ती."