तलावाची टाकी

आमच्या वसाहतीच्या पोहण्याच्या तलावात झाडाचं एक पान सापडलं. पान लहान होतं, पण अध्यक्षांनी ते चिमट्यात धरून सभेपुढे ठेवलं आणि मी, सचिव या नात्याने, त्याची इतिवृत्तात नोंद घेतली. तलाव स्वच्छ असतो हे सर्वांना मान्य होतं. तो नियमानुसार स्वच्छ असतो याचा पुरावा नव्हता.

तलाव राखणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामा रोज सकाळी जाळीने पानं काढत, मऊ ब्रशने भिंती पुसत, बाटलीत पाणी घेऊन त्याचा रंग तपासत. यातलं एक अक्षरही ते लिहून ठेवत नसत.

"मामा, साफसफाईचा फॉर्म कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"फॉर्म नाही साहेब, पाणी आहे. बघा की."

अध्यक्षांनी पाण्याकडे पाहिलं नाही. कपाट उपसलं तेव्हा एकच फॉर्म हाती लागला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा. ज्यात पाणी साठतं ती टाकी, असा अर्थ मी लावला. तोच फॉर्म तलावाला लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. फॉर्ममध्ये तीन रकाने होते: टाकी पूर्ण रिकामी केली का? तारेच्या ब्रशने घासली का? दोन दिवस उन्हात वाळवली का?

मामांनी कपाळावर हात मारला. "अहो, ह्याला आतून व्हिनाइलचं अस्तर आहे! पाण्याच्या वजनानेच ते जागेवर बसतं. उन्हात कोरडं टाकलंत तर आकसून फाटेल. आणि तारेचा ब्रश? माझं नख लागू नये म्हणून मी जपतो त्याला!"

"फॉर्ममध्ये 'अस्तर' असा रकानाच नाही," मी म्हणालो. मामांचा विषय तिथे संपला.

माझ्या घरात मात्र संपला नाही. माझे सासरे, आप्पा, आमच्याकडेच राहतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर जमिनीवर त्यांना काठी लागते आणि शिवाय माझ्या बायकोचा खांदा. छातीभर पाण्यात मात्र ते एकटे चालायचे, रोज वीस फेऱ्या, कोणाचाही हात न धरता.

"जावईबापू, पाणी किती दिवस नसेल?"

"तीनच दिवस, आप्पा. नियमाप्रमाणे."

"मग ठीक आहे. तीन दिवस काय, बसतो घरात."

सोमवारी तलाव रिकामा झाला. मामांनी तारेचा ब्रश हातात घ्यायला नकार दिला, म्हणून तो दोन रखवालदारांकडे सोपवला. ते बिचारे मन लावून घासत होते. बुधवारी दुपारी अस्तर आकसलं आणि कोपऱ्यातून तळापर्यंत उभं फाटलं. मी तिन्ही रकान्यांत 'होय' लिहिलं. अस्तर फाटलं का, असं फॉर्मने विचारलंच नव्हतं.

पुन्हा भरलेलं पाणी सकाळपर्यंत जमिनीत मुरलं. मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की कोरड्या तलावात शेवाळ धरत नाही, औषध टाकावं लागत नाही, कोणी बुडतही नाही. वसाहतींच्या महासंघाने आम्हाला 'आदर्श तलाव' हे प्रमाणपत्र दिलं. मामा आता रोज सकाळी तळ झाडतात आणि फॉर्मवर सही करतात.

आप्पा काही दिवस खांद्यावर टॉवेल टाकून काठावर येऊन बसत. आता खोलीबाहेरही येत नाहीत. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते, तेही चिठ्ठी लिहून. मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण हे इतिवृत्तात घेऊ नये.

वसाहतीतले लोक मात्र सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडतात, आणि त्यांच्यातलेच तुम्हीही माना डोलावता. म्हणून एवढंच नोंदवतो. तलाव रिकामा करण्याची सूचना सात दिवस लिफ्टमधल्या आरशाशेजारी लावली होती: 'हरकत असल्यास लेखी कळवावी.' एकही हरकत आली नाही. ते सातही दिवस तुम्ही त्याच आरशात बघून भांग पाडत होतात. मी तुमच्या मागेच उभा होतो.