गार्डसाहेबांचं नागपूर

ढोबळे गार्डसाहेबांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. आमच्या रायपूरच्या कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी म्हणतं, "काळेबाबू, त्यांचे किस्से लिहून काढा की, तुमच्याकडेच तर बसायचे ते." मग मी एखादा किस्सा सांगतो, मंडळी हसतात, मीही हसतो आणि जो सांगायला हवा तो गिळून घरी येतो. आता वय झालं. गिळलेलं पचत नाही.

तर गार्डसाहेब. हा माणूस रेडिओला हिरवी झेंडी दाखवायचा.

मी फुगवून सांगत नाही, अख्ख्या कॉलनीने पाहिलेलं आहे. मालगाडीवर गार्ड म्हणून नोकरी झाली, निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सोबतीला एक झेंडी, एक शिट्टी आणि एक ट्रान्झिस्टर. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, मनगटावर घड्याळ, खिशात शिट्टी, आणि आमच्या सामाईक गच्चीच्या कठड्यावर ट्रान्झिस्टर पश्चिमेकडे तोंड करून ठेवायचे. पश्चिमेकडे कारण तिकडे नागपूर. नागपूर केंद्रावरच्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमाची वेळ झाली की झेंडी हलवून म्हणायचे, "चला, लाइन क्लियर!" मगच बटण फिरवायचे.

साऱ्या जगाकडे ते गार्डाच्या डब्यातूनच बघत. भाजीवाला उशिरा आला की, "भैया, आज राइट टाइम नहीं हो." शेजारच्या वर्मांच्या सुनेचं बाळंतपण लांबलं तेव्हा सगळे काळजीत होते. गार्डसाहेब दारातून ओरडले, "घबराओ मत, आउटर पे खड़ी है, सिग्नल होगा!" झालंही तसंच. वर्मांनी पहिला पेढा त्यांना दिला.

मग रायपूर राजधानी झालं. इमारती उठू लागल्या, इमारतींना सळई लागली, सळईसाठी उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत भट्ट्या वाढल्या आणि भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग हटेना. आमचं घर त्याच बाजूला. गच्चीवर काळी धूळ आणि ट्रान्झिस्टरमध्ये खरखर. निवेदिकेचं "नमस्कार" ऐकू यायचं, पुढचं सगळं भट्टीत जायचं. गार्डसाहेब ट्रान्झिस्टर कडेवर घेऊन गच्चीभर फिरत. एकदा पाण्याच्या टाकीवर चढले. एकदा माझ्या बायकोने वाळत घातलेल्या साडीच्या तारेला त्यांनी अँटेना बांधली, तर साडीच खाली आली.

"काळेबाबू, नागपूर काहून नाही लागून राहिलं हो?" ते रडवेले होऊन विचारत.

इथे मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं. नव्या राज्यात आमच्या ऑफिसात कंप्युटर आले होते आणि त्याच्यावर पत्रं टाइप करायला मी शिकलो होतो. निवृत्तीनंतर मुलाने घरी एक बसवून दिला, इंटरनेटही आलं. त्या जोरावर कॉलनीत मी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेत असे. मी म्हणालो, "गार्डसाहेब, आता रेडिओ कंप्युटरवर येतो. तिथं धूळ नाही न् खरखर नाही. या सकाळी."

माझी बायको सुधा आतून म्हणाली, "यांना तो नुसता बंद करता येतो हो, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब इस्त्रीच्या शर्टात हजर, काखेत झेंडी आणि ट्रान्झिस्टर. मी नागपूर शोधलं, दाबलं. पडद्यावर एक चकती गरगर फिरू लागली.

"हे काय?"

"येतंय, येतंय."

"आउटरले उभी आहे म्हणा नं." ते निवांत बसले.

चकती थांबली, पण आवाज नाही. मी सगळी बटणं दाबून पाहिली. गार्डसाहेब वाकून मागच्या तारा बघत होते. "काळेबाबू, कपलिंग चुकलं. हिरवी तार गुलाबी भोकात घातली तुम्ही. हिरवीले हिरवं दाखवा." तार बदलली आणि खोलीत नागपूर खणखणीत बोलायला लागलं. गार्डसाहेबांनी माझ्या बैठकीच्या खोलीत झेंडी हलवली. सुधाने चहा आणला. असा आनंद मी माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभातही पाहिला नव्हता.

पण तेवढ्यात त्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावला आणि चेहरा उतरला. खरखरीतून तिथे तेच गाणं चालू होतं, पण पुढचं कडवं.

"हे तुमचं नागपूर लेट आहे."

"थोडंसंच. इंटरनेटवरून यायला वेळ लागतो."

"लेट म्हणजे लेट. ताई पुढं निघून गेली न बाप्पा."

ही ताई कोण, ते त्या दिवशी कळलं. नागपूरला राहणारी त्यांची मोठी बहीण. लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये दोघं एकाच रेडिओपुढे बसून गाणी ऐकत. पुढे ताईच्या मुलीचं लग्न निघालं. मामा म्हणून गार्डसाहेब अंतरपाटाशी उभे. भटजी रंगात आले होते, मंगलाष्टकं संपेनात, आणि इकडे घड्याळात मुहूर्त झाला. गार्डसाहेबांनी काय करावं? खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. बँडवाल्यांना वाटलं इशारा झाला, त्यांनी दणक्यात सुरुवात केली. लोकांनी अक्षता फेकल्या, नवरदेवाने दचकून हार टाकला तो अंतरपाट धरणाऱ्याच्या गळ्यात पडला. वरपक्ष रुसला. ताईने भर मांडवात हात जोडले आणि म्हटलं, "आता माह्या दारात येऊ नको."

ते गेले नाहीत. फोनही नाही. बरीच वर्षं.

"पण सकाळचा कार्यक्रम ती सोडत नाही," ते मला म्हणाले. "पोळ्या लाटता लाटता ऐकते. म्हणून मीबी ऐकतो. तेच गाणं, तोच टाइम. तेवढंच आमचं बोलणं."

उशिराची गोष्ट त्यांनी दोन दिवसांत मनाला समजावली. "लेट असली तरी लाइन तर चालू आहे," असं म्हणाले आणि ट्रान्झिस्टर पेटीत ठेवून दिला. माझ्यावर विश्वास ठेवून.

थोड्या दिवसांनी आमच्या लाइनीवर नागपूर लागेनासं झालं. चकती फिरे, फिरतच राही. मी काय काय करून पाहिलं, जमेना. कोणाला विचारायचं तर तज्ज्ञपणा जाणार. एका सकाळी ते यायच्या आधी मला धुंडाळताना एक वेगळंच ठिकाण सापडलं. कोणी कुठून चालवत होतं देव जाणे, नुसती जुनी मराठी गाणी, मधे बोलणं नाही. मी ते लावून ठेवलं आणि नाव दिसू नये म्हणून कंप्युटरच्या पडद्यावरची ती खिडकी खाली करून टाकली. गार्डसाहेब आले, झेंडी हलवली, डोळे मिटून बसले.

मी स्वतःला म्हटलं, आजच्या दिवस. मग उद्याचा दिवस. मग ते तसंच चालू राहिलं.

एकदा ते म्हणाले, "काळेबाबू, आताशा टाइम नाही सांगत हे लोक."

मी म्हणालो, "जगभर ऐकतात ना, वेळ कुठली सांगणार?"

"हव, तेबी खरंच," ते म्हणाले. सुधाने माझ्याकडे असं पाहिलं की चहा कडू लागला.

आणि मग भर वैशाखात एका सकाळी त्या यंत्रातून भाऊबीजेचं एक जुनं गाणं लागलं. गार्डसाहेब ताडकन उभे राहिले. "हे ताईचं गाणं! झोपाळ्यावर म्हणायची! वैशाखात भाऊबीज कोण लावते, काळेबाबू? तिनंच फर्माईश पाठवली. माह्यासाठीच पाठवली न!"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ते माझ्या फोनकडे निघाले तेव्हा तर नक्कीच. मी खुर्चीत बसून राहिलो. नंबर त्यांना पाठ होता.

"ताई? मी बोलून राहिलो. ... हव, मीच. ताई, फर्माईश तूच पाठवली होती न?"

आता फोन आपटल्याचा आवाज येणार म्हणून मी डोळे मिटले. मग गार्डसाहेब लहान पोरासारखे हसले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "हव म्हणते! हव म्हणते!"

ते गेल्यावर सुधा म्हणाली, "सांगा त्यांना."

"आता? आता सांगितलं तर त्यांचं काय होईल?"

"तुमचं काय होईल ते बोला," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

पावसाळा संपल्यावर ताई रायपूरला आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, बोलायला भावासारख्याच. ते यंत्र बघायचं म्हणून आमच्याकडे आल्या. गार्डसाहेब त्यांच्यासाठी पान आणायला कोपऱ्यावर गेले, तेवढ्यात त्या कंप्युटरसमोर बसून हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? आमच्या घरी रेडिओच नाही किती वर्षांपासून. सुनेचा टीव्ही असते. मी कायची फर्माईश पाठवते?"

"मग तुम्ही हव कसं म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर त्यानं फोन ठेवला असता नं. मले तर बोलाची इच्छा किती दिवसांपासून. पण मांडवात बोलून बसली होती मी, आधी फोन कसा करू?" त्या हसल्या. "कोणी लावलं ते गाणं, त्याचं भलं होवो. माह्या भावाले सांगू नका हं."

बघा, त्यांनी आपलं खोटं एका पानाच्या अवकाशात कबूल करून टाकलं. मी त्यांच्यासमोरही गप्प बसलो. तेवढ्यात गार्डसाहेब आले आणि म्हणाले, "काळेबाबू नसते तर आमचं सिग्नल कधी पडलंच नसतं, ताई." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पुढच्या वर्षी ताईंनी त्यांना नागपूरलाच बोलावून घेतलं. घराशेजारी खोली बघून ठेवली होती. मी ठरवलं, स्टेशनवर सांगायचं. आमच्या मार्गावरची गाडी उशिरा येतेच. फलाटावर तास-दोन तास तरी मिळतील, दोन चहा होतील, आणि दुसऱ्या चहाला मी बोलेन. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं. सुधाने ते म्हणवूनही घेतलं.

आम्ही फलाटावर पोचलो आणि समोरून गाडी आत आली. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "राइट टाइम, काळेबाबू! राइट टाइम!" सामान चढवलं, पेटी चढवली, ते दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशात शिट्टी.

"गार्डसाहेब, तो रेडिओ..." मी सुरुवात केली.

"आता काय करायचा रेडिओ? आता ताई शेजारीच आहे न," ते म्हणाले. मग पिशवीतून हिरवी झेंडी काढली आणि माझ्याकडे बघून हलवू लागले. गाडी सुटली. मी थोडं अंतर सोबत चाललो. ते नागपूरला सुखात राहिले, तिथेच ताईंच्या हातून शेवटचं पाणी प्याले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईही गेल्या. आता सांगून कोणाचा फोन तुटणार नाही, म्हणून ते पाठ केलेलं वाक्य इथे लिहितो.

गार्डसाहेब, ते नागपूर नव्हतं. मला माफ करा.