येडशीस डोळे निवाले, त्याची हकीकत

श्रीरामलिंग प्रसन्न. भावकीत जो तो पुसतो की, येडशीस मुलगी पाहावयास गेले तेव्हा जळकोटकर शिवपुत्रराव यांचे नेत्र लाल कशाने होते. एकेकास सांगता जीभ शिणली, सबब वर्तमान जैसे घडले तैसे कागदी उतरविले असे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाखमासी, मातुःश्री मल्लम्मा यांनी वर्षाची मिरची कांडपावरून आणिली आणि गरम पूड निवावी म्हणोन आहेरात आलेला कोरा लाल टॉवेल पसरिला, मग पूड डब्यात भरून टॉवेल झटकिला, रंगावर रंग, डाग दिसेना, आणि दुसरे दिवशी तोच घडी घालून चिरंजीवांचे खांद्यावर दिला. दोन स्थळे आधीच मोडलेली, तिसरे तरी जुळावे ऐसी मायलेकांची उमेद. मग उभयतां फटफटीवर स्वार होऊन, तुळजापूर मागे टाकून, उन्हाचा मारा सोशीत येडशीस दाखल जाहले, आणि दारापाशी शिवपुत्ररावांनी टॉवेलाने घाम टिपिला.

तोच नेत्री आगीचा अंमल बसला. पळस फुलावा तैसे डोळे फुलले, पाझर लागला, आणि पुढ्यातील पोह्यांची बशी दिसेना, तेथे मुलगी भुवनेश्वरी कोठून दिसावी?

मुलीचे चुलते आण्णासाहेब, कडक आचाराचे, दारूचे नावाने पेटणारे. त्यांनी ते नेत्र पाहिले आणि नूर पालटला. पाहुण्यांनी वाटेतल्या धुळीचा हवाला दिला, तो नामंजूर जाहला.

“धुळीनं गडी येवढा रडत न्हाय. द्या तो टॉवेल हिकडं, वास लपत नसतो.”

ऐसे बोलून टॉवेल नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला, आणि मग शिंकांची ऐसी सरबत्ती जाहली की डोळे भरून आले, ते त्याच टॉवेलाने पुसिले. मोठा सरदार जागीच जेर जाहला.

मल्लम्मांनी कपाळास हात लाविला. “अय्यो शिवा. त्याच्यावरच म्या मिरची निवत घातलती.”

मग घरात एकच धांदल. कोणी तूप आणिले, कोणी कांदा. तेव्हा भुवनेश्वरी, नर्सिंगचे शिक्षण घेणारी, पुढे जाहली आणि हुकूम सोडिला की तूप-कांदा माघारी न्यावा, कोणी डोळा चोळू नये, घागरी भरून आणाव्या. मग चुलते आणि पाहुणा न्हाणीत शेजारी शेजारी बसविले, आणि तांब्यामागून तांब्या गार धार धरिली; घागर सरली, दुसरी सरली, आणि भिजल्या पापण्यांत हळूहळू उजेड उतरला.

“दिसतंय का आता?”

“दिसतंय,” शिवपुत्रराव बोलिले, आणि नजर काही खाली घेतली नाही.

भुवनेश्वरीने तांब्या खाली ठेविला. “काका, ह्यांचं डोळं साफ हायेत.”

आण्णासाहेबांनी, आपले मिचकावीत, तेच दिवशी सुपारी फोडिली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कोणास अद्याप शंका असल्यास तो टॉवेल पेटीत जपून ठेविला आहे, धुतलेला नाही. येऊन खुशाल हुंगावा.