रहिवासी, रोज दिसतो

आमचे शेजारी शंकरअप्पा माणसांचे फोटो झुडपाआडून काढतात. पाखरांचेही तसेच काढतात, पण त्यात नवल नाही. आमच्या घरातल्या एकालाही त्यांनी आजवर समोर उभं करून ‘हसा’ म्हटलेलं नाही.

“मुंगूस असो की माणूस,” ते म्हणतात, “त्याला कळू द्यायचं न्हाई. कळलं की ते बिघडतंय.”

चाकूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून गळ्यात दोनच गोष्टी, इष्टलिंग आणि कॅमेरा. आमच्या दोन अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण आहे. सकाळी त्यातून पांढरी टोपी वर आली की समजायचं, एक तर सातभाई पाखरांचा थवा आलाय, नाही तर आमच्या घरात भांडण लागलंय. दोन्हीचा कलकलाट सारखाच, असं अप्पांचं मत.

प्रत्येक फोटोच्या मागे ते निळ्या शाईने टीप लिहितात. नमुना सगळ्यांना एकच. ‘टिटवी. मादी. तळ्याकाठी. अंड्यांवर. रहिवासी.’ अल्बममध्ये तिच्याच शेजारी, ‘माधव. नर. प्रौढ. दाढी करताना गातो. बायको आली की थांबतो. रहिवासी, रोज दिसतो.’ माधव म्हणजे मी.

आम्ही हे वाचून पोट धरून हसायचो. मग माझ्या मुलीला, स्वातीला, पाहायला उदगीरची मंडळी आली. अप्पा मोठ्या कौतुकाने अल्बम घेऊन बैठकीत आले. मुलाच्या आईंनी एक फोटो बाहेर काढला, उलटा केला आणि मोठ्याने वाचला, “स्वाती. मादी. चिंचेच्या झाडावर. हाकललं तरी उतरत नाही.”

मी ताडकन उठलो. “अप्पा, तुमचं घर रिकामं आहे म्हणून आमच्या घरात येऊन बसू नका.”

सगळ्यांसमोर बोललो.

इकडे त्या बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. “पोरगी धडधाकट हाय म्हणायची,” असं म्हणून त्यांनी सोयरीक पक्की केली. पण अप्पा तोवर अल्बम काखेत मारून निघून गेले होते.

त्यानंतर मेंदीतून टोपी वर आली नाही. मी दाढी करताना गायलो, बायको आल्यावर थांबलो. बघायला कुणी नव्हतं. “भांडायला बी मजा न्हाई राहिली,” बायको म्हणाली. “जा, माफी मागून या.”

गेलो. अप्पा चहा ठेवायला आत गेले. समोर अल्बम होता, तो चाळत बसलो. एका फोटोत त्यांचा मुलगा, सून आणि नात, दारात बॅगा घेऊन. मागे लिहिलं होतं, ‘तिघं. स्थलांतरित. दिवाळीला येतात. दोन दिवस थांबतात.’

पुढची सगळी पानं आमचीच होती.

अप्पा कप घेऊन आले. “साखर कमी पडली का?”

“न्हाई, बरोबर हाय.”

माफीची वाक्यं घरून जुळवून आणली होती, ती तशीच राहिली. चहा संपला. उठताना कसंबसं म्हणालो, “अप्पा, उद्या सकाळी आमच्यात भांडण ठेवलंय. या.”

“कशावरून?”

“ते उद्या ठरवू.”

अप्पांनी कप उचलले. “जरा उजेडात भांडा,” ते म्हणाले. “मागच्या बारीला तुझी बायको लई काळी आली.”

आठ दिवसांनी कुंपणावरून एक फोटो माझ्या हातात आला. पाठमोरा मी, खांदे पाडून त्यांच्या फाटकातून बाहेर पडतोय. उलटून पाहिलं.

‘माधव. नर. प्रौढ. माफी मागायला आला, चहा पिऊन गेला. रहिवासी.’