वाणात गेलेला बन्ने

गोष्ट २०२५ सालच्या संक्रांतीची. लखनऊत चार दिवस ऊन नव्हतं, धुक्याने आमच्या वृंदावन योजना वसाहतीतलं समोरचं सेक्टर गिळलं होतं, आणि माझी नात सानिका दोन दिवसांसाठी कानपूरला निघाली होती. बन्नेला माझ्यावर सोपवून!

बन्ने म्हणजे तिचा हिरवा इग्वाना. शेपटीसकट दीड वीत. पालेभाजी खातो आणि दिव्याखाली शेकत बसतो. त्याची रीतसर सरकारी नोंद आहे. मला मात्र जिवंत असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात नव्याने द्यावा लागतो!

"आजी, तुझसे होगा ना? पापा कह रहे थे, आता आजीला झेपत नाही. मैंने कहा, झेपेल!"

"तुझ्या पापाला मी वाढवलंय. एका पालीचं काय घेऊन बसलीस!"

"पाल नहीं है, आजी! और लॅम्प बंद मत करना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा बंद केला. दिवसाढवळ्या दिवा? साताऱ्याला आमच्याकडे दिवसा दिवा दिसला, तर शेजारीण विचारायची, "कोण गेलं?"

दुपारी पाहते तो बन्ने गार, ताठ, लाकडी रूळ जणू! थंडीत हे प्राणी असेच आखडतात आणि ऊब मिळाली की सुटतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी घाबरून त्याला मफलरमध्ये गुंडाळलं, वाणाच्या तेरा टोपल्यांपैकी वड्या भरायच्या राहिलेल्या एकीत ठेवलं आणि झाकण लावलं. तेवढ्यात हळदीकुंकवाला बायका आल्या.

बारा जणी आल्या, बारा टोपल्या दिल्या. सगळ्या त्यांच्यातल्याच मधुमतीबाईंच्या घरी हळदीकुंकवाला पुढे गेल्यावर मी उरलेली तेरावी टोपली उघडली. आत तिळाच्या वड्या!

सानिका रात्रीच्या गाडीने यायची होती. मी चपला घातल्या आणि धुक्यात सुटले. मधुमतीबाईंचा दिवाणखाना दोन हीटर लावून भट्टीसारखा तापला होता. बाराही जणी तिथेच. दिलेलं वाण परत मागायचं कसं? मी आडून विचारलं, "मधुमतीबाई, माझी टोपली उघडलीत का हो?"

"म्हणजे काय! आल्या आल्या उघडली. वड्या इतक्या खुसखुशीत, ह्यांनी उभ्या उभ्या दोन खाल्ल्या!"

"आमच्याकडे तर लगेच संपल्या!" दुसरी म्हणाली. ती अजून घरी गेलीच नव्हती!

मी एकेकीला विचारलं. अकरा टोपल्यांत वड्या, एकीत बन्ने. खाल्ल्या मात्र बाराही जणींनी! मला घाम फुटला. हीटरमुळे नव्हे.

इतक्यात आमच्याच सेक्टरमधली मुक्ता बँकेतून सुटून आली. ती माझ्याकडे आलीच नव्हती. मधुमतीबाईंचे वाणाचे स्टीलचे वाटी-चमचे संपले होते. त्यांनी हीटरशेजारून एक टोपली उचलली. "घे गं, खास तुझ्यासाठी अमीनाबादचा बाजार पालथा घालून आणली!"

टोपली माझी! मी पुढे झेपावले, पण मुक्ताने झाकण उचललं होतं. मफलर हलला. बन्ने ताजातवाना बाहेर आला आणि मधुमतीबाईंच्या पदरावरून सरसर चढून थेट अंबाड्यावर बसला.

"काकू, हे काय आहे?" मुक्ता किंचाळली.

"मला काय विचारतेस? ह्यांनी दिलंय!" मधुमतीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि जीभ चावली.

मग कोणीतरी म्हणालं, "पण यजमानांनी दोन खाल्ल्या ना?"

मी बन्नेला पदराखाली घेतलं आणि घर गाठलं. सानिका आली तेव्हा तो दिव्याखाली मेथी खात होता. मी जिंकलेच होते! पण मुक्ताने काढलेला व्हिडिओ सानिकाच्या फोनवर माझ्या आधी पोचला होता.

मधुमतीबाई आता वाण समोर उघडूनच देतात. मुक्ता कोणाकडचंही वाण घेण्याआधी कानाशी धरून हलवते. बन्ने चांगला दोन हात लांब झालाय, त्याचा दिवा मालवायला मला मनाई आहे. आणि सानिका? बाहेरगावी जाताना ती आता बन्नेला शेजारच्या शुक्लाजींकडे ठेवते. जाता जाता त्यांना सांगतेही, "अंकल, ज़रा आजी का भी ध्यान रखिएगा."