नव्व्याण्णव टक्क्यांवर अडलेला गणपती

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आजवर ज्यांनी ज्यांनी ही हकिगत ऐकली त्यांनी मला तोंडावर थापाड्या म्हटलं, आणि दोघे तर हातातला चहा अर्धा टाकून उठून गेले. पण टेबलावरच्या, पानाच्या डब्याहून थोड्या मोठ्या अशा एका यंत्राने लवू परबाचा सात वर्षांनी आलेला गणपती भरदिवसा हिसकावून घेतला, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. खुद्द लवू हा इथे बसलाय. त्याची बायको, शांतावहिनी, समोर सुका जवळा निवडतायत. त्यांच्यादेखत मी खोटं बोलेन?

परबांच्या भावकीत सात घरं आणि गणपती एकच. दरवर्षी एका घराचा मान. ज्याचं वर्ष, त्याने मूर्ती डोक्यावरून आणायची, त्यानेच पूजेला बसायचं. तो चतुर्थीला गावात हजर नसेल तर शेजारच्या घरातला बसतो, आणि गेलेलं वर्ष परत मिळत नाही. पुन्हा सात वर्षं थांबायचं. लवूचं एक वर्ष गिरणीच्या संपात गेलं, एक आईच्या सुतकात, एक गुडघ्याच्या ऑपरेशनात. शेजारचं घर चुलतभाऊ जगदीशचं. त्याचा दर वेळी आठवणीने निरोप यायचा, "लवूदादा, जमला नाय तर लाजू नको. मी आसंयच."

त्या वर्षी मात्र लवू हट्टाला पेटला होता. आता कणकवलीची गणपतीची तिकिटं म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. चार महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला खिडकी उघडते आणि आठ वाजून दोन मिनिटांनी पाचशेच्या वर वेटिंग. शांतावहिनी म्हणाल्या होत्या, "मी पहाटे जावन दादरच्या खिडकीर उभी ऱ्हवतंय." तर आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस जयवंत राणे हसला.

"वहिनी, कुठच्या जमान्यात आहात? खोलीवर कॉम्प्युटर कशाला आणलाय? बटण दाबलं की तिकीट."

खोली म्हणजे लालबागची आमची गावची खोली. गिरण्या धडधडत होत्या तेव्हा तिथे एका गावचे चाळीस गडी राहायचे. एका पाळीचे उठले की त्याच वळकटीवर दुसऱ्या पाळीचे आडवे. आता वळकट्या गेल्या, गडी पांगले, आणि कोपऱ्यात देणगीतला कॉम्प्युटर बसला. त्याचा पासवर्ड फक्त जयवंताला ठाऊक. त्याने आदल्या संध्याकाळी लवूचं नाव, शांतावहिनींचं नाव, वय, सगळं भरून ठेवलं आणि बजावलं, "मशीन बंद करू नका. सकाळी तापायला वेळ घेतं."

सकाळी सातला आम्ही जमलो. लवू आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आलेला. गिरणीत खंडेनवमीला साच्याची, म्हणजे मागाची, पूजा करायची सवय, त्यामुळे त्याने कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला, उदबत्ती दाखवली. आणि उदबत्तीचा धूर बाजूला झाला तर काय! पडदा निळाशार. मध्ये पांढरे ठिपके गोल गोल फिरतायत, मुंगळे गुळाभोवती फिरावेत तसे. खाली इंग्रजीत काहीतरी.

"जयवंता, हेका काय झाला रे?" लवू उदबत्ती हातात धरूनच म्हणाला.

जयवंताने चष्मा लावला. "अपडेट चाललंय. म्हणतंय, मशीन बंद करू नका. चार टक्के झालंय."

"कसला अपडेट? कोणी सांगल्यान?" हा आवाज तुळशीदास गावड्याचा. तुळशीदास गिरणीत आपल्या खात्यातला युनियनचा प्रतिनिधी होता. गिरणी जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, पण प्रतिनिधीपण गेलं नाही. चाळीच्या पाण्याची वेळ बदलली तरी तो घेराव घालतो.

"कोणी सांगितलं नाही. आपोआप होतं. काल विचारत होतं, आता करू की नंतर. मी 'नंतर' दाबलं. एक आठवडा पुढे ढकललं होतं."

"म्हणजे आठवड्याचा करार झालेला!"

"करार म्हणजे... बटण दाबलं."

"आणि रातोरात मोडलो करार? कामगारांका न विचारता?" तुळशीदासच्या मानेच्या शिरा फुगल्या. "अरे, गिरणीत मालकाक साधी पाळीची वेळ बदलूची आसली तरी आधी बदलाची नोटीस लावूक लागायची! बोर्डावर! सगळ्यांका दिसात अशी! ही कोण लागून गेली कंपनी? आमच्या खोलीत, आमच्या लायटीवर, आमका न विचारता काम करता!"

खरं सांगतो, त्याचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं. माणूस झोपलेला असताना कोणी येऊन त्याची भांडी उलटीपालटी लावावीत आणि वर 'हलू नका' म्हणावं, ही कुठली रीत? लवू मात्र रागावला नाही. तो फक्त घड्याळाकडे बघत होता. सात वाजून बारा मिनिटं. अकरा टक्के.

"आठच्या आत होईल," जयवंत म्हणाला.

"नाय झाला तर?"

"होईल हो!"

बंद करू नका म्हटल्यावर प्रश्न आला तो पहाऱ्याचा. खोलीत येणारे-जाणारे असतात, कोणाचा धक्का लागला तर? तुळशीदासने तिथल्या तिथे पाळ्या लावल्या. वीस-वीस मिनिटांच्या. पहिल्या पाळीला जयवंत, दुसऱ्या पाळीला लवू, तिसऱ्या पाळीला... ते महत्त्वाचं नाही. पहाऱ्यावरच्याने स्टुलावर बसायचं, पडद्यावरचा आकडा दर मिनिटाला मोठ्याने बाहेर सांगायचा. बाकीच्यांनी गॅलरीत तुळशीदासबरोबर नोटीस लिहायची. मंडळाच्या लेटरहेडवर पहिलं वाक्य पडलं: 'आपण एकतर्फी व बेकायदेशीररीत्या कामाच्या पद्धतीत बदल केल्याबद्दल आम्ही आपला तीव्र निषेध करीत आहोत.'

"सव्वीस टक्के!" आतून जयवंत.

"'तीव्र'च्या आधी 'अत्यंत' घाल," तुळशीदास.

सात पस्तीसला लवू पहाऱ्याला बसला तेव्हा आकडा सत्तावन्न होता. सात पंचेचाळीसला चौऱ्याहत्तर. आणि मग तो आकडा चौऱ्याहत्तरला असा रुतला की काही विचारू नका. पाच मिनिटं, सहा मिनिटं. लवूने गणपतीचं नाव घ्यायला सुरुवात केली. यंत्र तापून इतकं लाल झालं की वर ठेवलेल्या नारळाचं पाणी आतल्या आत उकळल्याचा आवाज येत होता. हसू नका. मी स्वतः कान लावला होता.

"ही मालकाची जुनी खोड!" तुळशीदास गॅलरीतून ओरडला. "काम मुद्दाम हळू करायचा आणि दोष आमच्यावर टाकायचो. अशांका एकच भाषा कळता. चला!"

आणि त्याने गॅलरीत गेटसभा घेतली. समोरच्या चाळीतले लोक दात घासता घासता थांबले. "दादागिरी नही चलेगी!" "नही चलेगी, नही चलेगी!" "बेकायदा अपडेट बंद करा!" "बंद करा, बंद करा!" किती वर्षांनी आमच्या गळ्यातून तो आवाज निघाला म्हणून सांगू! करी रोडच्या पुलावर टॅक्सीवाले खाली उतरून बघायला लागले, कुठची गिरणी चालू झाली म्हणून. आणि तिसऱ्या घोषणेला, देवाशपथ सांगतो, आकडा हलला. ऐंशी. चौथ्या घोषणेला पंच्याऐंशी. पाचव्या घोषणेला ब्याण्णव! तुमचे इंजिनिअर काय वाट्टेल ते म्हणोत, यंत्राला कामगाराचा आवाज कळतो.

सात पंचावन्नला पाळी बदलली. लवू बाहेर आला तो घामाने निथळत. "शहाण्णव झाला," एवढंच म्हणाला आणि तोही मुठी वळून घोषणा द्यायला उभा राहिला. जन्मात ज्याने कोणाला 'ए' म्हटलं नाही, तो लवू! संपातसुद्धा हा माणूस मोर्चाच्या शेवटच्या ओळीत चालायचा.

सात सत्तावन्न. आतून आवाज, "अठ्ठ्याण्णव!"

सात अठ्ठावन्न. "नव्व्याण्णव!"

लवूने तुळशीदासला मिठी मारली. जयवंत बोटं मोडून तयार झाला, आत धावणार, पासवर्ड मारणार, बटण दाबणार.

आणि मशीन बंद पडलं.

पडदा काळा ठिक्कर. जयवंताने आत जाऊन बटण दाबलं तर पुन्हा तेच निळं, तेच मुंगळे, आणि खाली नवीन ओळ. जयवंताने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"काय म्हणता?" लवूने विचारलं.

"म्हणतंय, केलेले बदल मागे घेत आहोत. मशीन बंद करू नका."

"आता मागे घेतात?" तुळशीदास किंचाळला. "आता आमी मागणी मागे घेतली तेव्हा?"

नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. उलटी मोजणी. आठ वाजले. आठ दोन झाले. आठ चौदाला पडदा उजळला आणि त्याने काय दाखवावं? डोंगर, तळं, सूर्योदय. खाली लिहिलेलं, 'नमस्कार. तुमच्या सोयीसाठी आम्ही झटत आहोत.' तुळशीदासने पायातली चप्पल काढली होती, जयवंताने हात धरला म्हणून पडदा वाचला. पुढे कॉम्प्युटरचा उंदीर चालेना. उंदीर चालला तर इंटरनेट सापडेना. इंटरनेट सापडलं तर ते जुना पासवर्ड ओळखेना. आठ एकतीसला तिकिटाचं पान उघडलं. वेटिंग आठशे सदतीस.

लवू उठला. नारळ उचलला, पिशवीत टाकला आणि घरी गेला. त्या चतुर्थीला मूर्तीपुढे जगदीश बसला. वर त्याने फोटोही पाठवला, नवं सोवळं नेसून, तोंडभर हसू. "लवूदादा, तुझीच आठवण काढलंव."

आणि नोटीस? तुळशीदासने रजिस्टर पोस्टाने धाडली. महिन्याभराने जयवंताच्या मेलवर उत्तर आलं. निषेधाला उत्तर नाही, माफी नाही, काही नाही. एकच प्रश्न: 'आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? पाचपैकी तारे द्या.' हा निर्लज्जपणा! सात वर्षं झाली या गोष्टीला, यंदा पुन्हा लवूचं वर्ष आलंय, उद्या सकाळी पुन्हा आठला खिडकी उघडायची आहे, पण अजून त्या कंपनीचं नाव काढलं की माझं रक्त उकळतं. गरिबाच्या गणपतीवर नव्व्याण्णव टक्क्यांवर घाला घालणारी माणसं ही! त्यांना काय ठाऊक सात वर्षं म्हणजे काय!

शांतावहिनींनी सूप खाली ठेवलं.

"भावजीनू, एक इचारू?"

"विचारा ना, वहिनी."

"मशीन आपोआप कशी काय बंद पडली?"

"अहो, तीच तर त्या कंपनीची लबाडी! आणि त्यात लाईट गेली."

"लाईट गेली? मगे जयवंतभावजींनी लगेच बटाण दाबल्यार सुरू कशी झाली?"

"लगेच आली ना परत. गेली न् आली. लालबागची लाईट, तुम्हाला माहीत आहे."

"आमची खोली समोरच्याच चाळीत. मी भाकऱ्यो थापी होतंय, पंखो डोक्यार फिरत होतो. थांबाक नाय."

लवूनेही मान वर केली. आता खरं लपवण्यात अर्थ नव्हता.

"बरं, सांगतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. तिसऱ्या पाळीला पहाऱ्यावर आपला रघू होता. रघू म्हाडगूत. बदली कामगार. जन्मभर दुसऱ्याच्या साच्यावर राबला, कायम कधी झाला नाही. नव्व्याण्णव टक्क्यांना त्या मशीनचा आतला पंखा असा किंचाळायला लागला, जसा पट्टा तुटायच्या आधी साचा किंचाळतो. गिरणीतला नियम काय? साचा किंचाळला की आधी बंद कर, मग मुकादमाला बोलाव. बंद करायला उशीर झाला की कुणाची तरी बोटं जायची. रघूचा हात आपोआप गेला भिंतीवरच्या बटणाकडे. विचार करायला वेळच नव्हता! तुम्ही असतात तर तुमचाही गेला असता. अहो, तो वाचवायलाच गेला होता मशीनला! लवूचं तिकीट जळून जाऊ नये म्हणून! त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? सांगा ना, काय दोष? त्या रात्री त्याला झोप लागली नाही. जेवण गेलं नाही. सात वर्षं त्याला लवूच्या डोळ्याला डोळा देता आला नाही..."

"रघूभावजी?"

"हो. रघू."

"रघूभावजी त्या अपडेटाच्या आदल्या शिमग्याकच गेले," शांतावहिनी म्हणाल्या. "त्यांच्या बाराव्याचो सगळो सयपाक मी केलंय. तुमी दोनदा भात मागून घेतलात."

लवू माझ्याकडे बघत होता. शांतावहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, एक खडा बाजूला काढला आणि विचारलं,

"मगे गणपतभावजीनू, बटाण कोणी बंद केल्यान?"